शमीवर ठेवलेली शस्त्रे

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, बडोद्यातील मराठी घरांतून अजूनही शस्त्रपूजन होते. ज्या घरी पूर्वजांची तलवार वा कट्यार उरली आहे तेथे ती पाटावर मांडतात. ज्या घरी ती केव्हाच गेली तेथे विळी, कातर, सुरी आणि कारागिराची हत्यारे यांवर गंधफूल वाहतात. दुसऱ्या दिवशी दसरा आणि शमीचे पूजन. शमीची कथा आपण मुलांना सांगतो ती बहुधा उत्तरार्धापासून. बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने उत्तराला झाडावर चढविले, गांडीव खाली उतरवून घेतले, आणि विराटाच्या गाई सोडवून आणल्या. मुले टाळ्या वाजवितात आणि कथा संपते.

परंतु शस्त्रे झाडावर गेली कशी, हा पूर्वार्ध आपल्या विस्मरणात जातो. अज्ञातवासाचे वर्ष सुरू होत असता पाचही भावांनी विचार केला की, आपली शस्त्रे जवळ राहिली तर घात होईल. ती त्यांच्याकडून कोणी हिसकावली नव्हती, कोणी राजाज्ञा काढली नव्हती, पराभव तर झालाच नव्हता. विराटनगराच्या बाहेर, स्मशानाजवळच्या शमीवर नकुल चढला आणि त्याने ती नीट बांधून ठेवली. कोणी जवळ फिरकू नये म्हणून एक प्रेतही तेथे बांधले. मुदत एक वर्षाची. मुदत सरल्यावर ज्याचे शस्त्र त्याच्या हाती परत. या अवधीत अर्जुनाचे धनुर्धरत्व तसूभरही उणे झाले नाही.

स्वेच्छेने, काही काळापुरते, परत मिळण्याच्या खात्रीने शस्त्र घराबाहेर ठेवणे, ही कल्पना अशी आपल्या घरातलीच आहे. आज कायद्याच्या पुस्तकातही एक शमीचे झाड आहे. ते फार थोड्यांस ठाऊक आहे, आणि ज्यांस ठाऊक आहे तेही लाजेपोटी त्याच्याकडे जात नाहीत. त्याविषयी चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटते.

हा विषय आपला आहे काय?

आपल्या मासिकाचे वाचक म्हणतील, बंदुका-पिस्तुलांशी आम्हां नोकरदार, पापभीरू माणसांचा संबंध काय? आमची वस्ती तरसालीस, बडोदे शहराच्या दक्षिण टोकाला. एका अंगाला राष्ट्रीय महामार्ग, दुसऱ्या अंगाला मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत. येथील मराठी घरांतून सकाळी डबे घेऊन कारखान्यांत जाणारी माणसे निघतात, शिलेदार निघत नाहीत. तरीही जरा बारकाईने पाहिले तर हा संबंध तितका दूरचा नाही.

गायकवाडांच्या फौजेबरोबर आलेली आपली अनेक घराणी मुळात शस्त्रावर जगणारी. १८५७ नंतर गुजरातेत शस्त्रे काढून घेण्याची मोहीम झाली, १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत ब्रिटिश हिंदुस्थानासाठी हत्यारांचा कायदा आला, १९४९ साली बडोदे संस्थान विलीन झाले. आणि तरीही दांडिया बाजाराकडील जुन्या वाड्यांतून आजोबांच्या नावची एखादी दुनळी बंदूक परवान्यानिशी टिकून राहिली. हे झाले एका प्रकारचे घर. दुसऱ्या प्रकारचे घर निवृत्त सैनिकाचे. पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार वा नाईक बँकेच्या किंवा कारखान्याच्या दारावर पहारेकरी होतो, आणि बहुधा स्वतःच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक घेऊनच होतो. तिसरे घर म्हणजे ज्यांचे मूळ गाव अजून सुटलेले नाही ते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात रानडुकरे, वानरे यांपासून भात, नारळ, काजू राखण्यासाठी दिलेले शेतीसंरक्षण परवाने आहेत, आणि कित्येकदा परवाना काकांच्या नावे तर पुतण्या बडोद्यास, अशी स्थिती असते.

डिसेंबर २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते, त्यांपैकी १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. आपल्यासारख्या अफाट लोकसंख्येच्या देशात हा आकडा लहानच म्हणावा. पण ज्या घरी बंदूक आहे त्या घरापुरता प्रश्न लहान नसतो.

धोका कोठून येतो

बंदूक घेणारा मनुष्य बाहेरच्या शत्रूचा विचार करतो. चोराचा, दरोडेखोराचा, श्वापदाचा. अनुभव असा की, संकट बहुधा उंबरठ्याच्या आतूनच उभे राहते. खेळण्याच्या नादात मुलाचा हात पडतो. लग्नाच्या वरातीत उत्साहाच्या भरात कोणी बार काढतो. २०१९ च्या दुरुस्तीने असा निष्काळजी बार हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाचा, किंवा दोन्हींचा, अपराध ठरविला आहे. भाऊबंदकीच्या भांडणात रागाचा एक क्षण पुरतो. आणि सर्वांत अबोल धोका म्हणजे घरातल्याच एखाद्याचे मन खचणे. पत्नी गेल्यावर एकाकी झालेला म्हातारा, परीक्षेत वा नोकरीत अपयश आलेला मुलगा, कर्जाने पिचलेला कर्ता पुरुष, स्मृतिभ्रंशाने माणसे न ओळखणारी वडीलधारी व्यक्ती, यांच्या घरी भिंतीवर टांगलेली बंदूक ही शोभेची वस्तू राहत नाही.

आत्महत्येविषयी आपल्याकडे एक गैरसमज दृढ आहे. ज्याने ठरविले तो काही केल्या थांबत नाही. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. निराशेचा तो कडेलोटाचा क्षण बहुतेकदा अल्पकाळाचा असतो, आणि त्यातून जे वाचतात त्यांतील फार मोठी संख्या पुढे आत्महत्येने मरत नाही. तो काळ ओलांडला जाणे, एवढेच महत्त्वाचे. बंदूक मात्र दुसरी संधी क्वचितच देते.

याचे दोन दाखले जगाने पाहिले आहेत. इस्रायलच्या सैन्यात तरुण शिपाई आठवडाअखेरच्या सुट्टीत शस्त्र घरी नेत असत. २००६ साली ते छावणीतच ठेवून जाण्याचा नियम झाला. शिपायांतील आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. शिपाई तेच, त्यांची दुःखे तीच, केवळ दोन दिवस शस्त्र हाताशी नव्हते. दुसरा दाखला स्वित्झर्लंडचा. तेथे नागरिक-सैनिकाची बंदूक घरी ठेवण्याची जुनी रीत आहे. २००३-०४ च्या पुनर्रचनेत सैन्य जवळजवळ निम्मे झाले, तेव्हा तितक्या घरांतील शस्त्रे कमी झाली. सैन्यवयाच्या पुरुषांतील आत्महत्यांचे प्रमाण त्यानंतर उतरले.

आपल्या देशात आत्महत्यांत बंदुकीचा वाटा अगदीच अल्प आहे, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आपल्या खेड्यांत तो घात कीटकनाशकांनी केला आहे. पण तेथेही शिकवण तीच आहे. श्रीलंकेने अतिविषारी औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि हजारो जीव वाचले. तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात काही खेड्यांतील शेतकऱ्यांनी आपली औषधे घरी न ठेवता गावच्या सामायिक कोठारात कुलूपबंद ठेवून पाहिली, तेव्हा आशादायक परिणाम दिसला. याउलट श्रीलंकेतच १८० गावांत घरोघर कुलपाच्या पेट्या वाटून मोठा प्रयोग केला गेला; २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला की त्या पेट्यांनी विषप्राशन कमी झाले नाही. घरातल्या पेटीची किल्ली घरातच असते! म्हणून कुलूप हवेच, आपल्या नियमांतही परवान्यासाठी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. पण वाईट दिवसांत कुलपापेक्षा अंतर अधिक कामी येते.

कायद्यातील शमी

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपला शस्त्र अधिनियम १९५९ सालचा, १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आलेला. त्याच्या २१ व्या कलमात सक्तीची ठेव सांगितली आहे. परवान्याची मुदत संपली, तो निलंबित वा रद्द झाला, किंवा अन्य कोणत्याही कारणाने शस्त्र बाळगणे बेकायदा ठरले, तर धन्याने विनाविलंब ते जवळच्या पोलीस ठाण्यात, वा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे, वा तो सैन्यात असेल तर पलटणीच्या शस्त्रागारात जमा केले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाजवळ तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे राहतील असे ठरले, तेव्हा तिसरे जमा करण्यास जे वर्ष दिले होते तेही याच वाटेने.

या सक्तीच्या ठेवीखेरीज नियमांत आणखी एक ठेव आहे. १९६२ च्या नियमांतही ती होती आणि २०१६ च्या शस्त्र नियमांतही आहे. परवाना वैध आहे, कोणी हुकूम काढलेला नाही, तरीही धनी आपण होऊन शस्त्र व काडतुसे सुरक्षित ठेवीसाठी देऊ शकतो. परदेशी मुलाकडे सहा महिने जाणारी वृद्ध मंडळी, लांबच्या बदलीवर निघालेले अधिकारी हा मार्ग वापरतात. अशी ठेव घेण्याचा परवाना असलेले दुकानदार ठरलेले भाडे घेतात, वहीत नोंद करतात, पावती देतात. धन्याची मालकी जात नाही, परवाना जात नाही. परत आल्यावर पावती व परवाना दाखवून आपले शस्त्र आपण न्यावे. प्रवासासाठी जे चालते ते घरच्या कठीण काळासाठीही चालते. हीच ती शमी.

येथे काही सावधगिरीच्या गोष्टी लक्षात ठेवाव्या. पहिली ही की, शेजारी, मेहुणा, मित्र यांच्याकडे ‘जरा ठेवून घ्या’ म्हणून बंदूक देता येत नाही. ज्याच्याजवळ परवाना नाही त्याच्या घरी ती सापडली तर हेतू कितीही चांगला असो, अपराध होतो, आणि आता त्यास किमान दोन वर्षांची कैद आहे. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्राने दुसऱ्याने शस्त्र नेण्याची सवलत कायद्यात आहे ती दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण वा धन्याच्याच वापरासाठी. तेव्हा आधी दुकानदाराशी वा पोलीस ठाण्याशी बोलून घ्यावे आणि धन्याने कोणास तरी सोबत घेऊन जावे. दुसरी गोष्ट, बंदूक रिकामी असावी, काडतुसे निराळी, परवाना बरोबर. तिसरी, शस्त्र ठेवीत असले तरी परवान्याची मुदत चालूच असते. नूतनीकरण चुकले तर स्वेच्छेची ठेव सक्तीची होऊन बसेल. चौथी, पावतीवर शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि तारीख आहे याची खात्री करून घ्यावी, आणि ती पावती घराच्या दस्तऐवजांत ठेवावी.

‘जमा’ या शब्दाची धास्ती

इतकी सोपी वाट असून माणसे तिने जात का नाहीत? आमच्या मते याचे कारण एका शब्दात आहे: ‘जमा’. शस्त्र जमा करणे म्हणजे सरकारदरबारी संशयित ठरणे, असा अर्थ आपल्या लोकमानसात बसला आहे. त्यास कारणही तसेच घडले. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका सरसकट जमा करण्याचे हुकूम निघत. सिंधुदुर्गातील आणि गोव्यातील शेतकऱ्यांचा याविषयी जुना सल आहे. ज्या महिन्यांत रानडुकरे उभे पीक तुडवितात त्याच महिन्यांत राखणीची बंदूक पोलीस ठाण्यात, आणि गुन्हा मात्र काही नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयास अनुसरून निवडणूक आयोगाने २००९ साली सूचना दिली की, सरसकट सक्ती नको. जिल्ह्याच्या छाननी समितीने जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा पूर्वेतिहास असलेले, पूर्वी दंगलीत गुंतलेले अशा परवानाधारकांचा विचार करून आदेश द्यावे. सूचना रास्त होती, पण ‘जमा’ शब्दावरचा डाग काही पुसला गेला नाही. उलट आता जमा करणारा तो छाननीत सापडलेला, अशी कुजबूज होऊ लागली.

दुसरी धास्ती परवान्याची. १७ व्या कलमान्वये परवाना देणारा अधिकारी धनी मनोरुग्ण आहे वा कोणत्याही कारणाने अपात्र आहे अशी खात्री झाल्यास परवाना निलंबित वा रद्द करू शकतो. शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांचा, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांचा. लोक म्हणतात, ‘मन ठीक नाही म्हणून बंदूक ठेवून घ्या’ असे सांगितले की ती कायमचीच गेली! ही भीती निराधार नाही. पण तीमुळे होते असे की, ज्याने सर्वांत आधी शमीकडे जावयाचे तोच सर्वांत मागे राहतो.

आमच्या परिचयातील एका घरची हकीकत येथे सांगणे अस्थानी होणार नाही. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. गृहस्थ पलटणीतून निवृत्त, पुढे पंधरा वर्षे पहारेकरी. पत्नीचे आकस्मिक निधन झाले आणि माणूस मिटून गेला. जेवण अर्ध्यावर टाकावे, रात्री अंगणात बसून राहावे, कोणाशी बोलू नये. मुलगा मकरपुऱ्याच्या कारखान्यात फिटर. एके संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून शेवटी म्हणाला, “सर, बाबांची बंदूक कपाटात आहे. मला रात्री झोप लागत नाही. पण त्यांना विचारू कसा? ते म्हणतील, पोरगा मला वेडा ठरवतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या घरी गेलो. चहा झाला. आडवळणाने बोलण्यात अर्थ नव्हता. आम्ही सरळच म्हणालो, “दादा, घरात सध्या दुःखाचे दिवस आहेत. थोडे दिवस बंदूक दुकानात ठेवू या.”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, बंदूक जमा केली की लोक म्हणतील, म्हातारा कामातून गेला.”

“पलटणीत रजेवर जाताना तुम्ही रायफल कोठे ठेवीत होता?”

“कोतमध्ये. दुसरीकडे कुठे ठेवणार?”

“तेव्हा कोणी म्हणाले का, की हवालदार कामातून गेला?”

ते किंचित हसले. कित्येक दिवसांनी हसले असे मुलगा मागाहून म्हणाला. रजेवर जाणारा शिपाई शस्त्रागारात शस्त्र ठेवतो, पावती घेतो, परतल्यावर नेतो. दुःखाची रजा ही देखील रजाच. दोन दिवसांनी बाप-लेक मिळून शस्त्रविक्रेत्याकडे गेले. पुढे डॉक्टरांचे औषध सुरू झाले, नातवंडांना शाळेत सोडण्याचे काम दादांनी आपणहून घेतले. त्या वर्षीच्या खंडेनवमीस त्या घरी पाटावर मुलाचे पाने-पक्कड आणि आईची विळी एवढेच होते. पूजा दादांनीच केली. बंदूक त्यांनी पुढे परत आणली की नाही हे आम्ही विचारलेले नाही. तो त्यांचा अधिकार आहे, आणि तो अधिकार शाबूत राहिला यातच या तरतुदीचे सार आहे.

त्या घरी एक अडचण नव्हती ती मात्र अनेक घरी असते. जो पहारेकरी अजून नोकरीवर आहे त्याची बंदूक म्हणजे त्याची भाकरी. ती ठेवीत गेली तर दाराशी उभे राहण्याचे काम जाते. अशा माणसास उपदेश करणे सोपे, पण त्याच्या मालकाने, बँकेने वा सुरक्षा संस्थेने त्या महिना-दोन महिन्यांपुरते त्याला बिनबंदुकीचे काम दिले, तर उपदेशास काही अर्थ राहील. आपल्या समाजातील जी मंडळी कारखान्यांत व बँकांत अधिकारपदावर आहेत त्यांच्या हाती हे आहे.

आणखी काय हवे

बंदुकांच्या बाबतीत अमेरिका हे काही अनुकरणीय राष्ट्र नव्हे. तेथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. परंतु याच कारणाने तेथील राज्यांना ऐच्छिक ठेवीचा विचार आपल्या आधी करावा लागला, आणि तेथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांनाही तो उपयोगी आहे. यूटा राज्याने २०१३ साली कायदा केला की, घरातील कोणाकडून धोका वाटल्यास त्याच घरात राहणाऱ्या बंदुकीच्या मालकाने ती पोलिसांकडे स्वेच्छेने ६० दिवसांसाठी ठेवावी. मुदत वाढविता येते आणि नंतर ती परत मिळते. वॉशिंग्टन राज्याने २०१८ साली याहून निराळी सोय केली. मनुष्य आपल्या बऱ्या दिवसांत स्वतःच लिहून देऊ शकतो की, मला बंदूक विकू नये. आणि पुढे ते लिहिणे मागेही घेऊ शकतो. कोलोरॅडोत २०१९ साली बंदुकांची दुकाने, नेमबाजीची मैदाने आणि पोलीस ठाणी यांपैकी कोठे तात्पुरती ठेव स्वीकारतात हे दाखविणारा नकाशाच लोकांसाठी तयार झाला.

आपल्याकडे यातील तीन गोष्टी सहज करता येतील. एक, ऐच्छिक सुरक्षित ठेव हे परवाना रद्द करण्याचे कारण धरले जाणार नाही, असे नियमात स्पष्ट शब्दांत यावे. दोन, ठेवीचा अर्ज एका पानाचा असावा, त्यावर मुदत लिहावी, आणि ‘जमा’ऐवजी ‘सुरक्षित ठेव’ हाच शब्द असावा. तीन, प्रत्येक शहरात ठेव घेणाऱ्या परवानाधारक दुकानांची आणि ठाण्यांची यादी प्रसिद्ध व्हावी, म्हणजे व्याकूळ माणसाला चौकशीसाठी दहा दारे हिंडावी लागणार नाहीत.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर घराने काय करावे? ज्या घरी परवान्याचे शस्त्र आहे त्या घरी बऱ्या दिवसांतच एक बोलणे होऊन जावे, की घरात कोणावर वाईट प्रसंग आला तर बंदूक काही काळ बाहेर जाईल, आणि त्यात कोणाचा अपमान मानला जाणार नाही. परवानाधारकास सत्तर वर्षे पूर्ण झाली असतील किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याजवळ असेल, तर त्याने नेमलेल्या वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो, तोही विचार वेळेवर करावा. परवानाधारक वारला तर वारसांनी बंदूक आठवण म्हणून कपाटात ठेवू नये. ती तात्काळ ठेवीत जावी आणि पुढील अर्ज मागाहून व्हावा. धनीच खचला असेल आणि ऐकत नसेल, तर त्याला एकटे न सोडता पोलीस ठाण्यास कळविण्यात संकोच करू नये. रागावलेला बाप पुढे समजून घेतो.

मन खचलेल्या माणसास आता कायद्याचीही धास्ती उरलेली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा हा तीव्र ताणाखाली आहे असे मानून त्यास उपचार देण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले, आणि जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने ३०९ कलम राहिलेलेच नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही, कोणत्याही राज्यातून, पैसे न लागता बोलता येते. हा क्रमांक दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा अशी आमची सर्व वाचकांस विनंती आहे. ज्या घरी बंदूक नाही त्या घरीदेखील.

येत्या दसऱ्यास मुलांना शमीची कथा सांगाल तेव्हा ती पूर्वार्धापासून सांगा. शस्त्र उचलणारा अर्जुन त्यांना ठाऊक आहेच. शस्त्र वेळेवर दूर ठेवणारे, आणि त्यात कमीपणा न मानणारे पाच भाऊही त्यांना ठाऊक असू देत.